राधाकिसन कंडक्टरची खोट

राधाकिसन शिंगाडे एसटीतून निवृत्त झाला, खाकी कपडे बोहारणीला गेले, तरी परतुरात त्याचं नाव कंडक्टरच राहिलं. त्यात लोकांची चूक नव्हती. दहा रुपयांच्या तिकिटाला पाचशेची नोट पुढे करणाऱ्या उतारूकडे जसं बघायचं असतं, तसाच तो सगळ्या जगाकडे बघायचा. ओठाचा एक कोपरा खाली, भुवई वर, आणि मान अशी वळवलेली की समोरच्याला वाटावं, आपण उभे आहोत ती जागाच चुकली.

मोंढ्याच्या रस्त्यावर त्याचं घर. पुढच्या ओट्यावर काचेचं टेबल, काचेखाली लाल फडकं आणि त्यावर नाणी. शिवराया, भोकाचे पैसे, पुढाऱ्यांचे चेहरे असलेले रुपये, निजामाच्या काळातले तांब्याचे तुकडे. हा नाद नोकरीतच लागला होता. परतूर-घनसावंगी गाडीवर गळ्यातल्या बॅगेत जी चिल्लर पडायची, तिच्यातलं वेगळं नाणं तो उचलून घ्यायचा आणि बदल्यात खिशातलं टाकायचा. सालाखाली चांदणी असली की नाणं हैदराबादच्या टांकसाळीचं, चौकट असली की मुंबईचं, हे त्याला गाडी वळण घेत असताना, एका हाताने दांडा धरून कळायचं. निवृत्तीनंतर त्याने याचाच धंदा केला. गावोगाव फिरून घ्यायचं, ओट्यावर किंवा शहरातल्या प्रदर्शनात विकायचं.

गिऱ्हाईक मात्र त्याला एकही पसंत नव्हतं. मोबाईलवर व्हिडिओ बघून येणाऱ्यांचा तर त्याला विशेष तिटकारा. मोंढ्यातल्या आडतीवर मुनीम असलेला ओमप्रकाश एकदा प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली पाचाची नोट घेऊन आला.

"कंडक्टर, ही बघा. ट्रॅक्टरवाली. मोबाईलवर दाखवून राह्यलेत, लई पैसे मिळतेत म्हणून."

"मंग मोबाईलवाल्याला दे. इथं काहून आला?"

"तुम्ही किती देता ते तर सांगा."

"पाच."

ओमप्रकाशचे डोळे मोठे झाले. "पाच लाख?"

"पाच रुपये. तेबी सुट्टे असले तर."

ओमप्रकाश तोंड पाडून गेला. राधाकिसनने त्याच्या पाठीकडे बघत आत हाक मारली, "कडूबाई, च्या टाक. आणखी एक येडं येऊन गेलं."

कडूबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, इतक्या वर्षांत असल्या येड्यांची गिनती सोडून दिली होती. नवऱ्याच्या लेखी गावात शहाणा माणूस एकच होता आणि तो चहा मागत होता.

राधाकिसनचं एक पक्कं मत होतं. खोट बसते ती मूर्खाला. शहाण्या माणसाचा सौदा बुडत नाही. त्यामुळे कधीमधी त्याचा स्वतःचा सौदा बुडाला, की आसपास एखादा मूर्ख सापडणं भागच असे.

पहिल्यांदा तो मूर्ख कडूबाई ठरली. परतुरातल्याच एका म्हाताऱ्या घड्याळजीकडून त्याला इंग्रजांच्या राणीच्या छापाचा एक चांदीचा रुपया मिळाला होता. जुन्या चांदीला येते तशी निळसर काळी झाक त्याच्यावर चढलेली, आणि जाणकार त्या झाकेचेच पैसे मोजतात. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला ठेवायचा म्हणून त्याने तो पूजेच्या ताटात ठेवला आणि तसाच विसरला. कडूबाईने समया घासायला घेतल्या तेव्हा चिंच आणि राख लावून रुपयाही लख्ख घासला. राधाकिसनने बघितला तेव्हा तो नव्या वाटीसारखा चमकत होता.

"काळा पडल्ता म्हणून धुतला," ती म्हणाली.

"धुतला न्हाई, त्याचा मुडदा पाडला! जन्मभर भांडेच घासले, तुला दुसरं काय दिसणार!"

शहरातल्या व्यापाऱ्याने तो रुपया मोडीच्या चांदीच्या भावात घेतला. राधाकिसनने महिनाभर कडूबाईचा उद्धार केला. नाणं ताटात ठेवणाऱ्या माणसाचं नाव त्या सगळ्या बोलण्यात एकदाही आलं नाही.

दुसरी खोट मोठी होती. संभाजीनगरला एका मंगल कार्यालयात नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे पांढऱ्या सदऱ्यातला, गुळासारखं बोलणारा एक परगावचा माणूस त्याला भेटला. त्याच्या रुमालात अकबराचा चौकोनी रुपया होता.

"मला यातलं काय कळतंय साहेब," तो माणूस म्हणाला, "आजोबांच्या पेटीत निघाला. तुम्हीच बघा, तुम्हीच भाव करा."

राधाकिसनला आतून उकळ्या फुटल्या. बावळट सापडला! असल्या बावळटाला विचार करायला वेळ द्यायचा नसतो. त्याने नाणं हातात घेतलं, उलटं केलं न केलं आणि बोललेले पैसे मोजून टाकले. बसमध्ये बसल्यावरही तो त्या माणसाला मनातल्या मनात हसत होता. घरी येऊन भिंग लावलं तेव्हा नाण्याच्या कडेला, साच्याची दोन फाळकी जुळतात तिथली बारीक रेघ दिसली. पृष्ठभागावर सुईने टोचल्यासारखे खड्डे. ओतीव, नकली माल. आठवड्याभरापूर्वीचा असेल.

त्याने त्या माणसाच्या सात पिढ्या काढल्या. मग दुधना नदीच्या पुलावर गेला आणि तो चौकोनी तुकडा पाण्यात भिरकावून दिला. घरी सांगितलं की नाणं विकलं. सौदा आटोपला, भामट्याला शिव्या देऊन झाल्या, शिकायचं काही उरलं नाही, असं त्याला वाटलं.

नंतर एका बाजाराच्या दिवशी ज्योत्स्ना आली.

ती जालन्याला एका बँकेत अधिकारी होती. बँकेच्या कामाने परतूरला आली होती आणि परतीच्या रेल्वेला वेळ होता म्हणून बाजारातून चालत निघाली होती. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी डोकावतेय. ओट्याजवळ थांबून तिने वाकून काचेत बघितलं.

"काका, मी जालन्याच्या बँकेत आहे, रेल्वेला वेळ आहे म्हणून विचारते. त्या डब्यात काय आहे?"

टेबलाखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात राधाकिसनने निजामाचे रुपये लोटून ठेवले होते. या मुलखात निजामाचा रुपया घरोघरी निघतो. कुणाच्या आजीच्या माळेतून, कुणाच्या चुलीमागच्या गाडग्यातून. एकावर चारमिनार, दुसऱ्यावर चारमिनार, सगळ्यांवर चारमिनार. राधाकिसन ते गावोगावी वजनावर घ्यायचा आणि वजनावरच सराफाला घालायचा. एकेक नाणं बघत बसण्याइतका त्याला ना धीर होता, ना निजामाच्या रुपयाबद्दल आदर.

"निजामाचं भंगार हाय," तो म्हणाला. "लॉकेट करायचं का?"

"बघू का जरा?"

"बघा. बघायला पैसे पडत न्हाईत."

ती ओट्याच्या पायरीवर बसली, डबा मांडीशी घेतला आणि एकेक रुपया काढून उजेडात धरू लागली. राधाकिसन बघत होता आणि त्याच्या ओठाचा कोपरा खाली खाली जात होता. भाजी निवडल्यासारखी नाणी निवडतेय. बाई माणसाला बँकेत नोकरी लागली म्हणजे काय सगळंच कळतं? रेल्वे चुकंल तेव्हा समजंल.

बऱ्याच वेळाने तिने एक रुपया बाजूला ठेवला.

"हा द्या. पण काका, याच्यावर डाग आहे. मिनाराच्या शेजारी, बघा, तिळासारखा काळा. थोडं कमी करा."

"डाग हाय तर घेऊ नका. दुसरा घ्या, समदे सारखेच हायेत."

"नको, हाच द्या."

घासाघीस करून तिने तो घेतला. चांदीच्या भावापेक्षा थोडे जास्त दिले आणि गेली. ती कोपऱ्यावर वळते न वळते तोच राधाकिसनने आत सांगितलं, "डागाळलेला रुपया नेला ग एका बाईनं. डाग दाखवून कमी करून घेतला, आन् नेला तोच. शिकलेले लोक आसे!"

पुढच्या थंडीत तो पुन्हा संभाजीनगरच्या प्रदर्शनाला गेला. एका बाजूला हौशी लोकांनी आपले संग्रह मांडले होते, तिथे गर्दी होती म्हणून तोही घुसला. टेबलामागे मेथीच्या जुडीवाली बाई बसली होती, आणि तिच्यापुढे पारदर्शक डबीत, खाली चिठ्ठी लावून, एक निजामाचा रुपया. मिनाराशेजारी तिळासारखा काळा डाग. चिठ्ठीवर लिहिलं होतं, विक्रीसाठी नाही.

दोन म्हातारे व्यापारी त्या डबीवर वाकून हळहळत होते. "मॅडम, विचार करा ना. वाटेल ते मागा."

राधाकिसनने त्यांना कोपराने बाजूला सारलं. तो पुढे झाला. "हा माझ्याकडचा हाय."

ज्योत्स्नाने वर बघितलं आणि ओळखलं. "हो काका, परतूरचा. बसा ना."

"यात काय हाय एवढं?"

तिने डबी त्याच्यापुढे सरकवली आणि भिंग दिलं. "चारमिनारच्या मधल्या कमानीत बघा. उर्दू अक्षर आहे, ऐन. शेवटचा निजाम उस्मान अली गादीवर आला म्हणून त्याच्या नावातलं पहिलं अक्षर. त्याच्या बाकी रुपयांवर ते पूर्ण असतं. सुरुवातीला निघालेल्या थोड्या नाण्यांवर अर्धंच आहे. हे त्यातलं."

राधाकिसनने भिंगातून पाहिलं. कमानीत अक्षराचं नुसतं डोकं होतं. असं डोकं त्याच्या डब्यातून सराफाच्या मुशीत आजवर किती वेळा गेलं असेल, हा विचार त्याला आला आणि त्याने तो लगेच ढकलून दिला.

"तव्हा बोलल्या न्हाई तुम्ही," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "डाग दाखवून पैसे कमी केले! गरीब माणसाला लुटलं!"

आजूबाजूचे लोक बघायला लागले. ज्योत्स्नाने डबी परत आपल्याकडे ओढली.

"काका, ज्या घरातून तुम्ही आणला, त्या घराला तुम्ही काही सांगितलं होतं का?"

"मलाच ठाव नव्हतं तर काय सांगणार!"

"डबा तुमच्याकडे होता, भिंगही तुमच्याकडे होतं," ती म्हणाली. "तुम्ही बघितलं नाही."

राधाकिसन तिथून निघाला. परतीच्या गाडीत शेजारच्या प्रवाशाने त्याला सहज विचारलं, कुठं उतरायचं, तर त्याच्यावर तो खेकसला. लबाड बाई. बँकवाली. गोड बोलून गळा कापणारी. घरी पोचेपर्यंत त्याने मूर्खाची जागा तिला देऊन बघितली, पण ती तिथे बसेना. मूर्ख म्हणावं तर तिनेच ओळखलं होतं. मग त्याने तिला चोर ठरवलं आणि त्यावर भागवलं. कडूबाईला यातलं अक्षरही सांगितलं नाही.

वर्षभर तो धुमसत राहिला. निजामाच्या रुपयांचे डबे त्याने रिकामे केले, एकेका कमानीत भिंग घातलं. एकही अर्धं अक्षर निघालं नाही. प्रत्येक पूर्ण अक्षराला त्याने शिवी दिली.

त्यानंतरच्या प्रदर्शनाला तो गेला तो विकायला कमी आणि तिच्यावर नजर ठेवायला जास्त. आणि देवाने जणू त्याचं ऐकलं. दुपारच्या सुमारास पांढऱ्या सदऱ्यातला तोच गुळगुळीत माणूस रुमाल घेऊन ज्योत्स्नाच्या टेबलाशी उभा होता. राधाकिसन चहाचा कागदी कप घेऊन खांबाला टेकला. इथून सगळं ऐकू येत होतं.

"मला यातलं काय कळतंय मॅडम," तो माणूस सांगत होता, "आजोबांच्या पेटीत निघाला."

तेच आजोबा. तीच पेटी. फक्त या वेळी रुपया जहांगीरचा होता.

तिकडे माईकवर ज्योत्स्नाचं नाव पुकारलं जात होतं. तिच्या मांडणीला बक्षीस होतं आणि लोक तिला स्टेजवर बोलवत होते. ती एकदा स्टेजकडे बघे, एकदा नाण्याकडे. राधाकिसनला खांबापासून कडेवरची रेघ दिसणं शक्यच नव्हतं, पण त्याला रेघ बघायची गरज नव्हती. एक शब्द बोलला असता तर सौदा मोडला असता. तो बोलला नाही. चहाचा घोट त्याने तोंडात घोळवला. कर म्हणावं, जल्दी कर. तिने पर्समधून पैसे काढले, दिले, रुपया डबीत टाकला आणि स्टेजकडे पळाली. पांढरा सदरा दाराकडे निघाला.

राधाकिसन तिथेच थांबला. हे बघायला तो उपाशी राहायला तयार होता.

ती परत आली, पुष्पगुच्छ टेबलावर ठेवला, छोटा वजनकाटा काढला आणि रुपया त्यावर ठेवला. मग बोटांत धरून कडेने फिरवला. मग खाली ठेवला. आता ती ओरडेल, आता आयोजकांना बोलावेल, आता दारापर्यंत धावेल, आता रडेल. राधाकिसन एक पाऊल पुढे सरकला.

ज्योत्स्ना कपाळावर हात मारून हसायला लागली.

हसता हसता तिची नजर त्याच्यावर गेली. "काका! तुम्ही इथेच होता का मघाशी?"

"व्हतो."

"तुम्हाला कळलं होतं?"

"कळलं व्हतं. त्या हरामखोराला मी चांगला वळखतो."

"मग बोलला का नाही?"

"तुम्ही बोलल्या होत्या का?"

"बरोबर आहे," ती म्हणाली. मग खुर्ची ओढून दिली. "बसा. कशावरून ओळखता ते सांगा मला. वजन कमी आहे ते आत्ता कळलं, पण काटा नसता तर?"

राधाकिसन बसला. बसायचं नव्हतं, पण विषय नाण्याचा होता. त्याने नाणं उचललं, नखाने कडेवरची रेघ दाखवली, खड्डे दाखवले, आणि बोलताना आवाजात जेवढा तुच्छपणा घालता येईल तेवढा घातला. "आंधळ्यालाबी नखानं कळंल. तुम्ही तर डोळस."

"मी बघितलंच नाही," ज्योत्स्ना म्हणाली. "बक्षिसाची घाई झाली. आणि तो बावळट आहे असं वाटलं मला. माझीच चूक."

तिने टेबलाखालून एक लाकडी पेटी काढली आणि जहांगीरचा रुपया त्यात ठेवला. पेटीत तसलीच आणखी नाणी होती. काही ओतीव, एक घासून चकचकीत केलेलं, एक खोटी तारीख कोरलेलं. प्रत्येकाखाली तिच्या हातची ओळ. हे घाईत घेतलं. हे अंधारात घेतलं. हे विकणाऱ्याची कहाणी ऐकून घेतलं.

"ही काय तऱ्हा?" राधाकिसन म्हणाला. "आपली लाज कोणी पेटीत घालून फिरतं का?"

"फेकून दिली तर पुन्हा तीच विकत घेईन ना मी."

राधाकिसन खुर्चीवरून उठला. तिचा त्याला राग आला. वर्षभर ज्या घटकेची वाट बघितली ती आली होती, आणि या बाईने ती हसून फुकट घालवली होती. भामट्याला शिवी नाही, नशिबाला बोल नाही. माझीच चूक म्हणे! असं कोणी म्हणतं? गाडीत बसल्यावर तो तिच्या नावाने नाक मुरडत राहिला. पण बावळट आहे असं वाटलं मला, हे तिचं वाक्य त्याच्याबरोबर जालन्यापर्यंत आलं, मग पुढेही आलं. त्यालाही तसंच वाटलं होतं. अगदी तसंच. आणि दुधनेच्या गाळात पडलेल्या त्या तुकड्याची कड आज त्याला हातात धरून बघावीशी वाटत होती, ती मात्र आता मिळणार नव्हती.

यानंतर राधाकिसन सुधारला, असं परतुरात कुणी म्हणणार नाही. ओट्यावर आलेल्या माणसाचा अपमान झाल्याशिवाय तो आजही परत जात नाही. फरक पडला तो वेगळ्याच जागी. आता तो माणसाकडे बघायचं आधी उरकून घेतो आणि मग नाणं धरतो. दोन्ही बाजू, कड, वजन, परत दोन्ही बाजू. घनसावंगीहून जीपने आलेला संपत नावाचा शेतकरी एकदा वैतागला.

"कंडक्टर, एवढा येळ? सराफ तर दोन मिंटात देतो."

"मंग सराफाकडं जा. तुझ्यासारख्या बैलाचंच त्याला काम हाय. इथं राहायचं तर गप बस. मी बघून राह्यलो."

त्या दिवशी संपतच्या नाण्यांत एकही अर्धं अक्षर निघालं नाही, पण एक जुनी शिवराई बरी निघाली आणि राधाकिसनने तिचे मोडीपेक्षा पुष्कळ जास्त दिले. देताना तोंड असं केलं, जणू संपतने त्याचा खिसा कापलाय. संपत बिचारा घाबरून लवकर उठला.

तरीही खोट बसायची ती बसतेच. या पावसाळ्यात राजूरच्या गणपतीला चतुर्थीच्या गर्दीत त्याने एका पूजेच्या दुकानदाराकडून राणीचा रुपया घेतला. कड बघितली, वजन बघितलं, सगळं बराबर. घरी आल्यावर दिसलं की वरच्या बाजूला माळेची कडी होती, ती कुणीतरी काढून तिची जागा घासून, भरून टाकलीय. कडी काढलेल्या नाण्याला निम्मा भावही येत नाही.

तो ओट्यावर रुपया उलटसुलट करत बसला. कडूबाई पदराला हात पुसत बाहेर आली. हातात रुपया आणि असं तोंड, हे तिला पाठ होतं. ती चौकटीला टेकली आणि शिव्या सुरू व्हायची वाट बघू लागली.

"कुणी फसवलं आज?" तिनेच शेवटी विचारलं.

"कुणी न्हाई," राधाकिसन म्हणाला. "वरून नीट बघितलं न्हाई मी. गर्दी होती. माझंच चुकलं."

कडूबाई जवळ आली. तिने हाताची उलटी बाजू त्याच्या कपाळाला लावली, मग गळ्याला लावली.

"ताप तर न्हाई," ती म्हणाली.

"ताप कशाचा!" राधाकिसनने तिचा हात झटकला. "ज्यानं इकला त्यो गाढव, ज्यानं कडी काढली त्यो महागाढव, आन् मी घेतला तर मी काय त्यातून सुटलो व्हय? जा, च्या टाक."

ती आत गेली. स्वयंपाकघरातून तिचं हसणं बाहेर ऐकू येत होतं, आणि मोंढ्याकडून कुणीतरी हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन ओट्याच्या दिशेने येत होतं. राधाकिसनने लांबूनच त्या माणसाकडे बघून ओठाचा कोपरा खाली ओढला आणि भिंग पुसायला घेतलं.